अपेक्षेचा रिकामा रकाना

बीबीहून लोणारला जाणाऱ्या एसटीत भागवतला चक्क बसायला जागा मिळाली, ही त्या दिवसाची पहिली गंमत. दुसरी गंमत त्याच्या पुढ्यातच उभी होती... दांडा धरून, डोळे मिचकावत.

"जरा धरता का?" म्हणत तिनं खांद्यावरची बॅग थेट त्याच्या मांडीवर ठेवली. उभ्याची बॅग बसलेल्यानं धरायची, हा तर आपल्याकडचा कायदाच. पण ही बॅग चांगलीच गरम!

"ताई, आतला लॅपटॉप बंद नाही केला का?"

"बंदच होत नाही मेला. आन् ताई काऊन म्हणता? राखी बांधून राह्यली का मी?"

मागची म्हातारी फिस्सकन हसली. भागवतचे कान बॅगेपेक्षा तापले.

"मंग... काय म्हणू?"

"योगिनी. तुमाले काय समजते लॅपटॉपातलं?"

"तेच त दुकान हाये माहं, लोणारले. स्टँडसमोर."

उतरली ती सरळ दुकानातच. लॅपटॉप दहा वर्षांचा, बिजागरीला चिकटपट्टी, आवाज पिठाच्या गिरणीचा.

"विंडोज नव्यानं टाका लागन. आतलं काय काय ठेवाचं?"

"काहीच नाही. सारं उडवा."

"फोटो?"

"उडवा."

"कागदपत्रं?"

"ते त आधी उडवा!"

ती चहा सांगायला टपरीवर गेली. आता भागवतचा एक नियम होता — गिऱ्हाईक काहीही म्हणो, बॅकअप घेतल्याशिवाय पुसायचं नाही. माणसं रागात 'उडवा' म्हणतात अन् चार दिवसांनी रडत येतात. त्यानं गुपचूप सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. त्यात एक फाइल होती, 'योगिनी बायोडाटा'. त्यानं ती वाचली नाही म्हटलं तर मी खोटारडा ठरेन. जन्मवेळ, शिक्षण, मामाचं गाव, सगळं भरलेलं. फक्त 'अपेक्षा' समोरचा रकाना कोरा.

पेनड्राइव्ह खिशात गेला, इन्स्टॉल सुरू झालं, चहा आला.

"किती टक्के?"

"चौतीस."

"हळूच चालू द्या."

"काऊन?"

"जुनं मशीन हाये... दमन बिचारं."

असं म्हणताना तिनं मशीनकडे बघितलंच नाही.

शंभर टक्के झाले, नवी स्क्रीन उजळली, अन् नेमके तिला स्टँडवर शोधत आलेले तिचे वडील किसनराव दारात.

"पोरा, आतला बायोडाटा राह्यला ना? बुलढाण्याच्या सरकारी नोकरीवाल्याले आजच धाडाचा हाये."

योगिनीनं भागवतकडे पाहिलं. डोळे सांगत होते — नाही म्हण... नाही म्हण ना! एका 'नाही'चं तर काम. पण गिऱ्हाइकाशी खोटं बोलायला जीभच वळेना.

"हाये, काका," म्हणत त्यानं पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला.

योगिनीचा चेहरा पडला. "तुमाले कोणी सांगतलं होतं बॅकअप घ्याले?"

"नियम हाये माहा. पण काका... त्यातला अपेक्षेचा रकाना रिकामा हाये. भरल्याबिगर कसा धाडता?"

किसनराव म्हणाले, "भर वं पटकन!"

योगिनीनं लॅपटॉप ओढला अन् टकाटक टाइप केलं. किसनरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "मुलगा लोणारात दुकान असलेला चालेल. खोटं बोलता येऊ नये... स्वतःच्या फायद्याचं असलं तरी."

किसनरावांनी चष्म्यावरून भागवतला निरखलं.

"कोणाचा बे तू?"

"बीबीच्या भाऊरावचा."

"हात्तिच्या! सोयऱ्यातलाच की!" ते स्टुलावर ऐसपैस बसले. "बायोडाटा हाये का तुहा?"

"नाही जी."

"मंग बघून काय राह्यला? टाइप कर!"

भागवतनं नाव, गाव, शिक्षण सगळं झरझर लिहिलं. अपेक्षेपाशी मात्र बोटं अडली.

"इथं... काय लिहू?"

योगिनीनं ओठातलं हसू ओढणीत लपवलं.

"लिहा — ताई म्हटलेलं खपवून न घेणारी."