जुन्या कवठळीचा सांगावा

लाव रे रविकिरण, तुझ्या मोबाईलचा होल्डर गाडीच्या हँडलला नीट घट्ट लाव. मी काय नको म्हनत न्हाई. चांगली वस्तू हाय. पर उद्या किल्लारीच्या पट्ट्यात फिरायला निघालाव म्हन्ता तुम्ही पोरं, म्हनून सांगतो. बनवून सांगायची मला सवय न्हाई. आपल्या मुरुडातलं हाय हे. मल्लेशला इचारा… न्हाई, इचारू नका. तो बोलत न्हाई त्याच्यावर.

गेल्या साली येळवस झाली, रानात पूजा करून जेवायची ती अमावस्या, तिच्या दुसऱ्या दिवशीची रात. रानातली भज्जी अजून घराघरात उरली होती. आमच्या बाजूचे शिवप्पा दिवेलागणीला गेले. ताटावर बसले अन् मानूस गेला. बायको आधीच गेलेली. मागं लेक महांतेश, तो हार्डवेअरवाला, अन् थोरली सुकन्या, कवठळीला दिलेली. शिवप्पाचा सगळा जीव त्या लेकीत.

आमच्या लिंगायतात मयताला बसवत्यात, भस्म लावत्यात, रातभर भजन असतं अन् सकाळी माती. पर लेकीनं तोंड बघितल्याबिगर उचलत न्हाईत. अन् सुकन्याला फोन लागेना. तिच्या मालकालाबी लागेना. त्या बाजूचा टॉवरच बंद. जीपवाला येळवसाची पिऊन पडलेला. शेवटी महांतेशच्या दुकानातला मल्लेश तयार झाला. उदगीरकडचा पोरगा, नुकताच लागलेला. सुकन्याला त्यानं कधी बघितलेलं नव्हतं, पर गाडी झकास चालवायचा.

मी त्याला बसवून कागदावर नकाशा काढून दिला. म्हनलं, बाबा, कवठळी दोन हैत. जुनी त्र्याण्णवच्या भूकंपात पडली, सरकारनं नवी माळावर वसवली. लामजन्याच्या पाटीवरून पुढं गेलास की डाव्या हाताला कमान लागंल. तिथं वळ. सरळ जाऊ नको, तिकडं कुनी ऱ्हात न्हाई. पोरानं कागदाची घडी घातली, खिशात कोंबली अन् मोबाईलमधी कवठळी टाकलं. म्हनला, काका, मोबाईलमधली ही बाई बरोबर नेती. आता तिला तरी काय म्हनायचं? त्या नकाशात गावाचं नाव अजून जुन्याच जागी बसलेलं.

अन् सांगाव्याची रीत तुम्हाला ठावं हाय. गेल्याचं सांगायचं न्हाई. तब्येत बिघडलीय, चला, एवढंच म्हनायचं. त्या घरचं पानी प्यायचं न्हाई. ऐकनाऱ्याला कळतंच, पर बोलत कुनी न्हाई.

लातूर गेलं, औसा गेलं. थंडी अशी की बोटं ब्रेकवर राहिली काय अन् न्हाई काय, कळंना. कमान आली. कमानीवर बल्ब जळत होता, पोरानं बघितला. बाई म्हनली सरळ जा. तो सरळ गेला.

डांबर संपलं. मग बाभळी. मग दगड. बाई म्हनली, तुम्ही पोचलाव. अन् गप झाली.

पुढं एक घर होतं. एकच. दगडी चौकट, आत कंदील. उंबऱ्यावर बाई बसलेली, डोक्यावर पदर, हातात पिशवी. जशी निघायलाच बसलेली. मल्लेशला वाटलं, गावाच्या कडंचं घर असंल, अन् आपल्याला जी पाहिजे तीच भेटली. त्यानं नाव इचारलं न्हाई. चुकला म्हना, काई म्हना. रीत होती तेवढंच बोलला, अक्का, मुरुडहून आलोय, तुमच्या वडलांची तब्येत बिघडलीय, चला.

ती वर बघीना.

"माहेरचं मानूस आलं?"

"हाव."

"लई वाट बघितली," म्हनली.

काय झालं, कवा झालं, एक शब्द इचारला न्हाई. उठली, मागं बसली. कंदील तसाच ठिवला. मल्लेशला वाटलं, समजली असंल, बधीर झाली असंल. दुःखात मानूस असंच होतं की. वाटंत गाडी खड्ड्यात आदळायची. मागून आवाज न्हाई. औशाला चहाला थांबू का इचारलं… उत्तर न्हाई. आरशात बघितलं तर पदर तेवढा दिसला. परत बघायचं मन झालं न्हाई, म्हनला.

पहाटंच्या आधी मुरुडात आली गाडी. लाईट गेलेली. आम्ही भजनाला बसलेलो, समया तेवढ्या चालू. ती सरळ आत आली. बायांनी जागा दिली. शिवप्पाच्या समोर बसली, पदर नाकापर्यंत. बाया म्हनायल्या, रड ग बाई, मोकळी हो. रडली न्हाई. हलली न्हाई. नुसती बघत बसली.

महांतेश रानात खड्डा काढून घ्यायला गेलता. आला अन् दारातून इचारलं, अक्का आली का? आली, म्हनल्या बाया. त्यानं मागून तिच्या पाठीवर हात ठिवला. थंड लागली. रातभर गाडीवर आलेली, लागनारच.

उजाडता शिवप्पाला उचललं. माती झाली. लेकीनं तोंड बघितलं, आता काई राहिलं न्हाई, असं सगळेच म्हनले.

विहिरीवर आम्ही हातपाय धुवायलो. महांतेशच्या खिशातला फोन वाजला. मी शेजारीच होतो. वर नाव आलं… अक्का.

त्यानं उचलला. स्पीकरवर पडला तो.

"महांतेश, रातभर टॉवर नव्हता रे. आत्ता बघायलेय, एवढे फोन… अप्पा बरे हैत ना?"

…

"अक्का… तू कुठं हाईस?"

"घरी. कवठळीला. कामून?"

महांतेश माझ्याकडं बघायला. मी तरी काय बोलू?

"गेले का रे?" ती म्हनली. मग म्हनली, "मी निघते. मी येईपर्यंत उचलू नका. तोंड तेवढं बघू द्या मला."

फोन कट झाला. खड्डा भरलेला. वर बेलाची पानं टाकलेली.

घरी पळत आलो. बाया म्हनल्या, आत्ता तर हितं होती की. परसात बघितलं, माडीवर बघितलं. मल्लेश दारात बसलेला. त्याला इचारलं, कुठून आनली रे? त्यानं फोन काढून पुढं केला. नकाशावर ठिपका होता… जुन्या गावठाणावर.

दुपारी सुकन्या आली, मालकाच्या गाडीवर. मला तिच्या समोर उभं राहवंना. काय सांगायचं एका लेकीला? कुनीतरी तुझ्या जागी बसून गेलं म्हनून? पर महांतेशनं सांगितलं. सगळं सांगितलं. माती झाल्यावर परत उकरत न्हाईत, ते तिलाबी ठावं होतं.

ती रडली न्हाई. जिथं ती दुसरी बसलेली, तिथंच जाऊन बसली. समोर रिकामी भिंत. मग बायांना इचारलं.

"जी आलती, तिनं डोळं भरून बघितलं का अप्पाला?"

"बघितलं," एक म्हातारी म्हनली.

"बरं झालं," सुकन्या म्हनली. "तिच्या माहेरचं कुनी आलंच नसंल तिला घ्यायला."

बस. एवढंच बोलली. मग उठली. तवा आम्ही बघितलं, तिच्या लुगड्याला मागून पांढरी माती लागलेली. जुन्या घरांच्या माळवदावर, छतावर घालायचे ना, ती. भूकंपात मानसं जिच्याखाली गेली, ती. महांतेशचं घर स्लॅबचं, खाली फरशी. त्या घरात कुठून आली ती माती? झाडून काढली. सकाळी परत तिथंच, बसल्या मानसाखाली असावी एवढी.

दिवाळीत महांतेशनं फरशी उखडून नवी घातली. आज सकाळी वाटी मागायला मी त्यांच्याकडं गेलतो. महांतेशची बायको तिथंच खाली बसून झाडायली होती. माझ्याकडं बघितलं. सुपलीत पांढरी माती होती.