फोटोतला चौथा हात

शाळेच्या सभागृहातली नामवंत माजी विद्यार्थ्यांची भिंत कधी खोटं बोलत नाही, असं फादर नेहमी म्हणत. भिंतीला बोलताच येत नसल्यामुळे ते खरंही होतं.

सुट्टी लागली होती. पण माजी विद्यार्थ्यांचा मेळावा उद्यावर आला होता. म्हणून पी.टी.च्या सरांनी तिघांना फोटोंच्या काचा पुसायला जुंपलं होतं. खार नावाची चपळ मुलगी शिडीवर, चष्मेवाला ढापण्या फडकी पिळायला आणि लाटणं नावाचा उंच, बारीक मुलगा शिडी धरायला, म्हणजे शिडीला टेकून झोपायला.

"खारे, ही बघ तुझ्या आजोबांची रिले टीम!" फोटोखालची पाटी वाचून लाटणं फिदीफिदी हसलं. "बिशप, सर्जन, न्यायाधीश. आजोबा कुठायत? धावत धावत फोटोबाहेर गेले?"

खारीचे कान तापले. आजोबा सायकली दुरुस्त करत. 'मीही त्या संघात होतो,' असं त्यांनी एकदा जेवताना सांगितलं, तेव्हा काका इतका हसला, की त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढलीच नाही. मेळाव्याचा विषय निघाला की म्हणत, "तिथे मला कोण ओळखतंय, बाळा?"

ती रागारागाने काच घासू लागली आणि एकदम थबकली.

"ढापण्या, रिलेत धावतात किती जण?"

"चार. हा काय प्रश्न झाला?"

"मग इथे तिघंच कसे? आणि सर्जनच्या खांद्यावर पंजा कुणाचा?"

ढापण्याने डोळे बारीक केले. "बिशपांचे हात पाठीमागे, न्यायाधीशांचे कमरेवर... बापरे! भुताचा!"

"भुताची करंगळी वाकडी असते का रे?" खारीने काचेला नाक टेकवलं. आजोबांची करंगळी लहानपणीच सायकलच्या चेनमध्ये सापडली होती.

लाटण्याचं हसू मावळलं.

"सर, हा फोटो उघडून बघू?" खारीने विचारलं.

"खबरदार! उद्या बिशप येतायत!" पताका लावणारे सर मागे न बघताच गरजले.

लाटण्याने शिडी सोडली. मग अगदी आदराने म्हणालं, "सर, बिशपांच्या नाकावर झुरळ आहे. काचेच्या आत!"

"काढा! आत्ताच्या आत्ता काढा!" सर एका उडीत दारापाशी पोचले. झुरळ म्हटलं की त्यांचा वेग विलक्षण वाढे.

ढापण्याने मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला. फोटोची एक कड मागे दुमडलेली होती. खारीने ती हलकेच उलगडली. बॅटन छातीशी धरून, सगळे दात दाखवत, शाळकरी आजोबा हसत होते.

"फ्रेम लहान पडली, म्हणून मीच दुमडला होता," मागून फादर हळूच म्हणाले. "म्हटलं, नामवंत तर हे तिघंच. चौथा कोण, ते विचारलंसुद्धा नाही."

"माझे आजोबा," खार म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोटो मोठ्या फ्रेममध्ये होता आणि आजोबा इस्त्रीच्या शर्टात त्याच्यापुढे. काठी टेकत बिशप आले. त्यांनी नाव विचारलं नाही. सरळ करंगळी धरली.

"वाकड्या! कुठे होतास रे इतकी वर्षं?"

"फ्रेमच्या मागे," आजोबा म्हणाले.

बिशपांनी ती करंगळी शेवटपर्यंत सोडलीच नाही. फादरांनी भाषणात तिन्ही मुलांची पाठ थोपटली. सगळ्यांत जोरात टाळ्या काकाने वाजवल्या.

"आजोबा, त्या शर्यतीत तुमचा नंबर कितवा आला होता?" लाटण्याने विचारलं.

"चौथा."

"आणि संघ किती होते?"

"चार."