लेन्सच्या जागी अंडं

फोटोग्राफर दुकानात शिरली तेव्हा तिचा एक हात सायकलच्या हँडलवर होता आणि दुसऱ्या हाताने तिने टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलं होतं. बॅगा शिवणाऱ्याला वाटलं, तान्हं मूल आहे. त्याने मशीन थांबवली.

"झोपलंय का?" त्याने हळूच विचारलं.

"हादरलंय," ती हसली. पण डोळ्यांत काळजी होती.

आत कॅमेरा होता. मागच्या कॅरिअरवर बांधून आणताना रस्त्याच्या हादऱ्यांनी लेन्सचे स्क्रू ढिले झाले होते. ते तिने बसवून घेतले. पण सोमवारी डोंगरापलीकडे निघायचं होतं, फोटोंच्या पहिल्या मोठ्या कामावर. लेन्स पुन्हा हलली तर काम हातचं जाणार.

"पाठीवर घेतला तर?"

"पडलात तर मणक्याला लागेल."

"गळ्यात?"

"बरगडी मोडेल."

"काळजी कॅमेऱ्याची चाललीय... की माझी?"

तो खाली बघून सुईत दोरा ओवू लागला. दोरा काही केल्या जाईना.

आठवडाभर ती रोज माप बघायला येत राहिली. एकदा घेतलेलं माप रोज कशाला बघायचं, हे दोघांनीही विचारलं नाही. हँडलला अडकवायची बॅग तयार झाली. आत स्पंजचा डबा, चारी बाजूंनी इलॅस्टिकवर तोललेला.

रविवारी त्याने आत कॅमेऱ्याऐवजी अंडं ठेवलं. "हे टिकलं तर लेन्सही टिकेल."

"अरे, प्रयोगाला माझीच अंडी सापडली का?" त्याची ताई आतल्या खोलीतून ओरडली. "आणि धाप कसली लागलीय तुला? अजून सायकलवर बसलाही नाहीस!"

तो तिच्या सायकलवर बसला, ती त्याच्या. फरसबंद गल्लीत अंडं टिकलं. गतिरोधकावरही टिकलं. वळणावर ती शेजारी आली. "अहो, श्वास तरी घ्या!" म्हणत हसली... आणि त्याचं पुढचं चाक थेट उघड्या गटारात गेलं.

त्याने बॅग उघडली. आत सगळं पिवळं.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे उद्याचं निघणं रद्द. काम गेलंच समजा... दुसरी शिवाल?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी ती राहिली असती.

"बॅग चांगली आहे," तो म्हणाला. "त्या गटारात कुठलीच टिकली नसती. ते मला दिसायला हवं होतं. मी... तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही उद्या निघा."

तो मान खाली घालून रुमालाने स्पंज पुसत राहिला. मग तिने त्याच्या हातातला रुमाल काढून घेतला.

"निघणार तर आहेच. घाटापर्यंत सोबत याल?"

"मी?"

"पण सायकल माझ्या पुढे ठेवायची. मागे वळून बघायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मला तर पुढेच बघावं लागणार ना..."