सहा तुला, सहा मला

मागच्या भिंतीवर इंजिनिअरने लाल खडूने फुली मारली, तेव्हा आई खिडकीत बसून लोकर गुंडाळत होती.

"नदीने पाया पोखरलाय, मावशी. महिन्याभरात घर सोडा."

"तुम्ही सोडा हवं तर," आई म्हणाली. "मला चार वाजता घरी असावं लागतं."

तो गेल्यावर मी विचारलं, "चार वाजता काय असतं गं?"

"तुझा दादा वाजवतो."

दादाला जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

आमचं घर म्हणजे पुढे गिटारदुरुस्तीचं दुकान आणि मागे नदीकडे उघडणाऱ्या दोन खोल्या. बाबांनंतर दुकान मीच चालवते. रस्त्यावरून ट्रक गेला की टांगलेल्या सगळ्या गिटारी आपोआप गुणगुणतात. हे मी आईला समजावलं.

"ट्रकला सूर कळतो होय? तेच वाजतं, उंबरा नसलेलं."

उंबरा नसलेलं, हा बाबांचा शब्द. दादा सतरा वर्षांचा असताना त्याला एका अजब सप्तकाचं वेड लागलं. सप्तक कसलं, सहाच सूर: सा, रे, ग, तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. सगळे एकमेकांपासून सारख्या अंतरावर. पंचम नाही, टेकायला जागा नाही. त्यातले एकाआड एक तीन सूर उचलून तो कॉर्ड बांधायचा. तो कॉर्ड गिटारच्या मानेवर चार पट्ट्या वर सरकवला तरी तेच तीन सूर, फक्त जागा बदललेले. ऐकताना वाटे, कुणीतरी जिना चढतंय आणि माडी काही येत नाही. "अरे, या सुरांना घर नाही," बाबा रंधा थांबवून म्हणायचे. "कितीही चाला, उंबरा लागत नाही."

मी अकरा वर्षांची. बारीक तारेवर बारा फ्रेट, म्हणजे मानेवरच्या बारा धातूच्या पट्ट्या. दादाने त्या वाटून घेतल्या: विषम त्याच्या, सम माझ्या. एकाच गिटारवर दोघांची बोटं आळीपाळीने पळायची. दुसऱ्याच्या फ्रेटवर बोट पडलं की हरलो, आणि हरलेल्याने घराचं बाहेरचं काम करायचं. दादाने गाणंही रचलं होतं:

सहा तुला, सहा मला,
चुकला तो घराबाहेर गेला.

शेवटच्या दुपारी बाबांचा सरस संपला होता. लाकूड चिकटवायचा तो सरस नदीपलीकडच्या दुकानात मिळायचा. नेहमीसारखे चार वाजता आम्ही खेळायला बसलो आणि माझं बोट सातव्यावर पडलं.

"सातवा! माझा!" दादा ओरडला.

"छे! तुझंच बोट होतं ते. खोटा आळ घेतलास, तूच हरलास."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला. "बरं बाई, मीच चुकलो." निळी पिशवी खांद्याला लावून तो होडीने पलीकडे गेला. संध्याकाळी होडी सापडली. तो नाही, पिशवीही नाही.

सातव्यावर माझंच बोट होतं, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

मी आईशी पैज लावली. दादाच्या गिटारचे जुने फ्रेट काढून नवे बसवायचे, ताराही नव्या चढवायच्या, गिटार काचेच्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. "वाजवलं की तार घासून फ्रेटवर खाच पडते. महिन्याने खाच दिसली तर राहू इथेच. नाही दिसली तर निमूट माझ्याबरोबर नव्या घरी."

आई लगेच कबूल झाली. डोळ्यांना दिसेल अशी खाच पडायला वर्षं लागतात, हे मी तिला सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी कपाटातली बारीक तार किंचित सैल झालेली दिसली. नवी तार सैल होतेच.

विसाव्या दिवशी मी पुढे दुकानात होते. चारच्या सुमाराला मागून तीन सूर आले, अधांतरी, न टेकणारे. मी रस्त्याकडे पाहिलं. ट्रक नव्हता.

तिसाव्या दिवशी नव्या घराची किल्ली टेबलावर ठेवून मी कपाट उघडलं, भिंग घेतलं. पहिला फ्रेट लखलखीत. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत तसेच.

सातव्यावर, बारीक तारेखाली, खाच होती. इतकी खोल खाच मी फक्त पंचवीस-तीस वर्षं वाजलेल्या गिटारींवर पाहिली आहे.

पुढचे पाचही कोरे होते.

"दिसली का गं?" आई मागे उभी होती.

लाल फुलीखालची भेग बोटभर रुंदावली होती. आईला इथे ठेवणं शक्यच नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं, हसली.

"बरं बाई," ती म्हणाली, "मीच चुकले."

भिंग माझ्या हातातून पडलं.

आई चपला घालायला वळली. पण पुढच्या दाराकडे नाही, नदीकडच्या. तिथल्या खुंटीवरून तिने पिशवी काढली आणि खांद्याला लावली.

निळी पिशवी.

"आई, थांब! सातव्यावर आहे खाच. तेव्हाही मीच चुकले होते. तो नाही, मी!"

आई थांबली. घड्याळात चार वाजले. कपाटातून आवाज आला नाही.

"मग तू जा," आई मायेने म्हणाली आणि पिशवी माझ्यापुढे धरली.

पिशवीचे बंद ओले होते.