शालनचा पाठराखा

पाठीचं ऑपरेशन म्हटलं की घरदार हादरायचं, ते दिवस सरले होते. आता बोटभर नळीतून मणका दुरुस्त व्हायचा आणि पेशंट दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी. घोडं अडायचं ते भीतीपाशी. दुखेल या धास्तीनं शरीर आधीच आखडतं आणि आखडलेली पाठ लवकर बरी होत नाही. म्हणून त्याच नळीतून मोहरीएवढा 'पाठराखा' आत बसवू लागले. आखडण्याचा इशारा मज्जातंतूंतून निघाला की तो ओळखायचा आणि ज्या कामाची भीती, त्या कामाचे स्नायूच सैल सोडून द्यायचा. मनाला पत्ताही नसायचा.

मिरजेच्या शालन माळवदेनं ऑपरेशन काही हौसेनं करून घेतलं नव्हतं. तिचा सौमित्र चोवीस वर्षांचा, जन्मापासून पायांनी अधू. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत त्याला तीच उचलायची. त्यात पाठ गेली. पुन्हा उचलता यावं, एवढ्यासाठी तिनं ती दुरुस्त करून घेतली.

थोड्याच दिवसांत ती भरली घागर घेऊन जिना चढू लागली. शेजारणींनी तोंडात बोटं घातली. पण सौमित्रनं "आई, उचल गं," म्हटलं की तिचे हात गळून पडायचे.

शेवटी शेजाऱ्यांकरवी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून ती डॉक्टर इनामदारबाईंकडे गेली.

"ह्याचं वजन झेपत नाही का हो त्या पाठराख्याला?"

"घागर झेपते की! वजनाचं नाही हे, मावशी." बाईंनी कौतुकानं पडद्यावरची रेघ दाखवली. "हा इशारा बघा. तुम्ही वाकायच्याही आधी उठतोय. यानं हाक मारली, की लगेच."

"मग शिकवा की त्याला, पोरगा माझा आहे म्हणून."

"आम्ही काही शिकवत नाही. तो तुमच्या शरीराकडूनच शिकतो. ही भीती जुनी आहे, ऑपरेशनच्या कितीतरी आधीची."

"खोटं बोलतंय तुमचं यंत्र!" शालन ओरडली. "पोटचा गोळा आहे माझा!" तिनं तिथंच सौमित्रच्या बगलेत हात घातले. ते निसटून खाली लोंबले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे आई," सौमित्र म्हणाला. "आधी सांगितलं असतंस, तर मी कमी वेळा हाक मारली असती."

त्याला उचलायला मग एक माणूस ठेवला. सौमित्रनं तिला पुन्हा हाक मारली नाही, आणि पुढच्या तपासणीत शालनची पाठ पूर्ण बरी निघाली.