मावशीच्या तीन टोप्या

मी त्याला उद्देशून उच्चारलेला पहिला शब्द होता — "दार!"

तोही ओरडून. आमच्या लॅबच्या आतल्या खोलीचं दार काम चालू असताना कुणीही उघडत नाही. बाहेर तशी पाटी आहे, लाल दिवा आहे, आणि एवढ्यानेही ज्याला कळत नाही त्याच्यासाठी मी आहे. आत एका मोठ्या टाकीत समुद्राचं पाणी असतं आणि ते एकाच तापमानावर आणायला माझी अख्खी सकाळ जाते. त्या पाण्यात मी खारटपणा मोजणारी यंत्रं बुडवते आणि ती खरं बोलतात की थापा मारतात ते तपासते. दार उघडलं की वारा आत येतो आणि माझी सकाळ पाण्यात जाते.

दारात एक उंच, हडकुळा माणूस उभा होता. खांद्यावर दोरीचं वेटोळं, पायात ओले बूट, वाऱ्याने विस्कटलेले केस.

"दार!" मी पुन्हा ओरडले.

त्याने घाबरून दार लावलं. आतून!

"अहो, बाहेर जाऊन लावायचं होतं!"

"मग पुन्हा उघडावं लागेल," तो म्हणाला. "उघडू?"

मी पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडे पाहिलं. तो नाचत होता, पण जरा दमल्यासारखा. "नको," मी दात-ओठ खात म्हटलं. "आता आकडा थांबेपर्यंत इथेच बसा. आणि हलू नका."

"किती वेळ?"

"त्याच्या मनात येईल तेवढा."

"बरंच झालं," म्हणत तो एका पालथ्या बादलीवर ऐसपैस बसला. "बाहेर फार वारा आहे."

मला हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. हा आमच्या संशोधन-जहाजावर नव्याने आलेला विंच, म्हणजे तारेचा रहाट, चालवणारा, हे मला दोरीवरूनच कळलं होतं. जड यंत्रं तारेवरून समुद्रात सोडायची आणि परत ओढून घ्यायची, हे त्याचं काम. आधी मालवाहू बोटींवर होता म्हणे. त्याच्या अंगकाठीमुळे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्याचं नाव दोरखंड ठेवलं होतं. लॅबमध्ये कुणाचं बारसं व्हायचं राहत नाही.

"तुम्हीच का त्या मीठबाई?"

तर, माझंही राहिलेलं नाही.

"कुणी सांगितलं हे नाव?"

"कुणी नाही सांगितलं ते विचारा." मग टाकीकडे मान वळवून म्हणाला, "पाणी चाखून बघता का?"

"चाखून नाही हो. पाण्यातून वीज किती सहज जाते, त्यावरून मीठ कळतं."

"आणि माणसांचं?"

"माणसांचं काय?"

"कोण किती खारट आहे, ते कशावरून कळतं?"

"दार कसं उघडतात त्यावरून," मी म्हटलं.

तो मोकळेपणाने हसला. मग मीही हसले. बोलता बोलता मी त्याला आमच्या आईचं लाडकं वाक्यही सांगून टाकलं — दिवसभर मीठच मोजतेस ना गं, मग तुझ्या हातच्या भाजीत ते कमी कसं पडतं? अनोळखी माणसाला हे का सांगितलं, कोण जाणे. भानावर येऊन पडद्याकडे पाहिलं तर आकडा केव्हाच थांबला होता... आणि मी बघितलाच नव्हता.

तो न्यायला आला होता ती होती मावशी.

मावशी म्हणजे माणसाच्या उंचीची एक पिवळी नळी, डोक्यावर अँटेना. अशा नळ्यांना फ्लोट म्हणतात. समुद्रात सोडली की ती आपली आपण खोल बुडी मारते, अंधारात वाहत राहते आणि मग वर येता येता पाणी किती गरम, किती खारट ते मोजते. वर आली की सगळं उपग्रहाच्या कानात सांगायचं आणि पुन्हा बुडी. आमच्याकडे प्रत्येक फ्लोटला नात्याचं नाव द्यायची पद्धत आहे. माझी सख्खी मावशीही अशीच अधूनमधून उगवते, सगळ्यांच्या घरातलं तळाचं शोधून आणते आणि कानात सांगून जाते. म्हणून हे नाव. ही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने तपासलेली पहिली नळी होती. तिने आकडे नीट दिले, तर पुढच्या सफरीत जहाजावर मला जागा मिळणार होती. इतकी वर्षं मी टाकीतला समुद्र मोजत आले होते. खरा समुद्र मी फक्त धक्क्यावरून पाहिला होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी मावशीची पाठवणी करायला मी स्वतः धक्क्यावर गेले.

"हे बघा," मी त्याला म्हटलं. "मीठ मोजायच्या भागावर तीन लाल टोप्या आहेत. धूळ जाऊ नये म्हणून. पाण्यात सोडण्याआधी तिन्ही काढायच्या. राहिल्या तर आत पाणी फिरत नाही, आणि बिचारी आंधळेपणी काहीबाही सांगत सुटते."

"काढतो."

"आणि टोप्या मला परत आणून द्यायच्या."

"त्या कशाला? प्लॅस्टिकच्या तर आहेत."

"आमची पद्धत आहे!"

टोप्या एकत्र बांधायची दोरी मी लॅबमध्येच विसरले होते. वाऱ्यावर एखादी उडून जायची... म्हणून मी केसांना लावलेला निळा रबरबँड काढला आणि तिन्ही टोप्यांच्या कड्यांतून ओवला. झालं, वाऱ्याने माझे सगळे केस तोंडावर आणले. ते आवरून वर बघते तर हा माणूस मावशीला सोडून माझ्याकडेच बघत उभा!

"काय झालं?"

"काही नाही," तो गडबडून म्हणाला. "वारा फार आहे."

जहाज गेलं आणि परतही आलं. आला तसा तो लॅबमध्ये हजर झाला. मावशी कशी अलगद पाण्यात उतरली, अँटेना शेवटी कशी दिसेनाशी झाली, सगळं हातवारे करून सांगितलं. टोप्या मागितल्या तर म्हणाला, "आणतो की." मग रोज काही ना काही निमित्त काढून यायला लागला. कधी स्क्रू हवा असायचा, कधी पेन, एकदा तर नुसतंच "पाणी बरं आहे ना?" विचारायला. आता मात्र दार वाजवून यायचा. त्या वाजवण्याकडे माझे कान लागायला लागले होते, आणि टोप्यांचं मी पार विसरून गेले.

मग मावशीचा पहिला निरोप आला.

आमच्या मॅडमनी मला टेबलापाशी बोलावलं. मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख. त्या कधी आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून ठेवतात. चष्मा टेबलावर होता.

"वरच्या थरातलं मीठ बघ."

मी बघितलं. फारच कमी होतं. किनाऱ्यापासून इतक्या दूर, भर समुद्रात, एवढं गोडं पाणी?

"माझं माप चुकलेलं नाही, मॅडम."

"मग टोप्या राहिल्या असतील." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे खुंट्यांची रांग आहे. आत्या, काकू, पणजी... प्रत्येक नावाखाली समुद्रावरून परत आलेल्या तीन-तीन टोप्या लटकतात. मावशीची खुंटी रिकामी होती. "टोपी हातात येत नाही, तोवर ती निघाली असं मी धरत नाही. उद्या दुपारपर्यंत बघ, नाहीतर हे आकडे रद्द. आणि ज्या माणसाचं पहिलंच यंत्र आंधळं गेलं, त्याला मी जहाजावर कशी पाठवू? तूच सांग."

मी तडक कॅन्टीनमध्ये गेले. तो चहा पीत बसला होता. मी समोर उभी राहिले आणि झालेलं सगळं एका दमात सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"काढल्या होत्या हो! आईशप्पथ, तिन्ही काढल्या. माझ्या या हातांनी."

"मग कुठायत?"

तो कपात बघत राहिला. शेजारच्या टेबलावरची मंडळी चमचे ढवळायची थांबली होती.

"विचारतेय मी. कुठायत?"

"हरवल्या... बहुतेक," तो पुटपुटला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

"शाब्बास!" मी म्हटलं. "तीन टोप्या सांभाळता आल्या नाहीत तुम्हाला!" आणि वळून चालू लागले. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यातलं मीठ मोजायची गरज नव्हती.

घरी मी सफरीसाठी कपाटातून काढलेली बॅग पुन्हा आत कोंबत होते, तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं.

"टोप्या काढल्या म्हणतो, त्यावर तुझा विश्वास आहे का?" आईने विचारलं.

"आहे. कामात तो खोटं बोलायचा नाही."

"मग एवढी चिडलीस कशावर?"

"काहीतरी लपवतोय तो, आई! माझ्यापासून."

"अस्सं... तुझ्यापासून," आई म्हणाली, आणि तिने ती बॅग कपाटातून काढून पुन्हा पलंगावर ठेवली. "राहू दे आज बाहेरच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या टेबलासमोर उभी होते. मावशीची खुंटी अजून रिकामीच होती. तेवढ्यात तो आला. दाढी केलेली, केस चापून बसवलेले, चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा. त्याने शर्टाच्या वरच्या खिशातून तीन लाल टोप्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. निळ्या रबरबँडात ओवलेल्या, मी ओवल्या होत्या तशाच.

"या हरवल्या होत्या ना?" मॅडमनी विचारलं. कॅन्टीनमधलं त्यांच्याही कानावर गेलं होतं.

"नाही, मॅडम. मी ठेवून घेतल्या होत्या."

"कशासाठी?"

अख्खी लॅब कान टवकारून बसली होती. कुणीतरी प्रिंटरसुद्धा बंद केला.

"टोप्या नकोच होत्या मला," तो म्हणाला. एकदा माझ्याकडे बघितलं, मग पटकन टेबलाकडे. "रबरबँड हवा होता. पण नुसता रबरबँड ठेवून टोप्या परत केल्या असत्या, तर यांनी विचारलं असतं, रबरबँड कुठाय... मग काय सांगणार? म्हणून सगळंच ठेवलं. यांची सफर त्यावर अडेल हे माहीत नव्हतं, मॅडम. काल कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तोंडच उघडेना."

मॅडमनी चष्मा घातला. टोप्या उलटसुलट करून पाहिल्या.

"लॅबच्या वस्तू परस्पर घरी नेणं बरोबर नाही."

"रबरबँड लॅबचा नाही, मॅडम," तो नम्रपणे म्हणाला.

मागे कुणाला तरी जोराचा खोकला आला. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी तिथून एक पाऊलही हलू नये असं वाटत होतं. माझे गाल इतके तापले होते की टाकीजवळ गेले असते तर आकडा बिघडला असता. हा माणूस मला आवडतो. किती दिवस मी हे सोडून बाकी सगळं मोजत बसले होते!

मॅडमनी मात्र केव्हाच संगणक समोर ओढला होता. "म्हणजे मावशी उघड्या डोळ्यांनी गेली. म्हणजे आकडा खरा. म्हणजे..." त्या नकाशावर बोट फिरवत गेल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "अगं, हे नदीचं पाणी आहे! पुराचं गोडं पाणी वरच्या वर पसरत इतक्या आत गेलंय, आणि आपल्याला पत्ता नाही! हे जाऊन बघायला हवं. तू येतेस जहाजावर. मीही येते." मग त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही नाही. या खेपेला विंच दुसरा कुणी चालवेल, कप्तानांशी मी बोलते. तुम्ही इथे हिच्या खुर्चीवर बसून टाकी सांभाळा. आमच्या पद्धती शिकून घ्या."

सफरीच्या दिवशी तो धक्क्यावर आला तो माझाच लॅबचा कोट घालून. बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या.

"टाकीचं दार लावून आलात ना?" मी विचारलं.

"बाहेरून लावून आलो." तो जहाजाच्या जिन्याशी थांबला. "मीठबाई, मी तर सगळ्यांदेखत बोलून मोकळा झालो. तुमचं काय ते... निदान हो किंवा नाही..."

माझ्या ओठांवर होतं. पण वरून मॅडम बघत होत्या, खलाशी बघत होते, मला पोचवायला आलेली आई तर पदर सावरायच्या निमित्ताने दोन पावलं पुढेच आली होती. मी "येते" एवढंच म्हटलं आणि भराभरा वर चढले.

दोर सुटले. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसायला लागली. समुद्र पुढे होता, माझा होता, किती वर्षांनी! आणि मी पाठ फिरवून धक्क्याकडे बघत होते. तो तिथेच उभा होता. हात हलवत नव्हता, नुसता उभा. ती पट्टी रुंद होत चालली, आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की परत येईपर्यंत हे न सांगता मी राहूच शकत नाही.

मी कठड्याला धरून ओरडले, "आवडतोस तू मला!"

इंजिनाची घरघर फार होती. त्याने कानाला हात लावला.

"आवडतोस! मला! तू!"

त्याने पुन्हा कानाला हात लावला. मी तिसऱ्यांदा ओरडले, छाती फुटेस्तोवर, आणि नेमकं त्याच क्षणी कप्तानांनी इंजिन मंद केलं. सगळ्या बंदराला ऐकू गेलं. धक्क्यावर आईने तोंडाला पदर लावला. आणि तो इतका हसत होता की मला कळून चुकलं, लबाडाने पहिल्या वेळीच ऐकलं होतं!

मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"परत आल्यावर सांगितलं असतंस तरी चाललं असतं की."

"नसतं चाललं," मी म्हटलं, आणि दोन्ही हात उंच करून त्याला हलवत राहिले.