कपाखालची रेघ

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर गुंजन धूमकेतू शोधायला गेली आणि तिला आधी सापडला तो खाली मान घालून चालणारा एक माणूस.

दिवाळीच्या तोंडावरचे दिवस होते. धानाच्या लोंब्या पिवळ्या पडून वाकल्या होत्या. वरठीच्या कारखान्यामागं सूर्य नुकताच बुडाला होता आणि गळ्यात दुर्बीण अडकवून गुंजन जरा अंधार पडायची वाट पाहत होती. याच वर्षी सापडलेला लेमन नावाचा धूमकेतू पश्चिमेला दिसतोय, हे वर्गातल्या पोरांना सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. गावच्या शाळेत ती भूगोल शिकवायची, शकुनबाईंकडे खोली घेऊन राहायची. सुट्टी लागली तरी साकोलीला घरी गेली नव्हती... केवळ या पाहुण्यासाठी!

आणि हा माणूस काठीला दोरी आणि दोरीला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक बांधून शेताच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं फिरत होता.

"काय हरवलंय?" तिनं पाळीवरूनच विचारलं.

"काहीच नाई. अजून सापडलंच नाई, तर हरवणार कसं?"

"मग शोधता काय?"

"उल्का. वरून पडलेले दगड."

एवढं बोलून त्यानं मान वर केली. आधी त्याला दुर्बीण दिसली, मग दुर्बिणीमागचा चेहरा... आणि हातातली काठी चुंबकासकट चिखलात पडली.

"तुमी शाळेतल्या नव्या मॅडम ना? मी निकेश. बसस्टँडजवळचं कृषी केंद्र आमचंच हाय. तुमी काय पाहून राहिल्या?"

"धूमकेतू. तुम्ही खाली बघता, मी वर."

"म्हणजे समोरचं दोघायलेई दिसत नाई," तो म्हणाला, आणि गुंजनला हसू आवरलं नाही.

अंधार दाटला तशी तिनं धूमकेतूची खूण म्हणून स्वाती नक्षत्राचा तांबूस तारा दाखवला आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली. पट्टा तिच्या गळ्यातच राहिला होता, त्यामुळं दोघांना जवळ उभं राहावं लागलं. पट्टा काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही... की आलं होतं, कोण जाणे.

"बाप्पा!" तो कुजबुजला. "दुधाचं बोट पुसल्यावानी दिसते!"

गुंजनचा जीव सुपाएवढा झाला. आजवर तिनं ज्यांना ज्यांना आकाश दाखवलं, त्यांनी 'एवढंसंच?' म्हणून दुर्बीण परत केली होती. हा मात्र श्वास रोखून पाहत होता.

"परत कधी येते हा?"

"हजार वर्षांनी तरी."

"मंग उद्या एकदा पाहून घेऊ," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

उद्या तो आला. परवाही आला. येताना खिशात उकडलेले शिंगाडे आणायचा, सोलून तिच्या तळहातावर ठेवायचा. ती त्याला धूमकेतूची शेपूट सूर्यापासून लांब का वळते ते सांगायची. तो तिला सांगायचा बाबांची गोष्ट. त्याचे बाबा, तुलारामजी, दोन वर्षांपूर्वी पहाटे धानाच्या बांधीत पाणी पाहायला गेले असताना त्यांनी आकाशातून हिरवा उजेड खाली येताना पाहिला होता. त्या दिशेनं शोधलं, तर पांदणीच्या, म्हणजे गाडीवाटेच्या, कडेला एक काळा, जड दगड! लोक तोंडावर 'उल्कावाले काका' म्हणायचे आणि पाठ वळली की हसायचे. बाबांनी दगड देव्हाऱ्यात ठेवला होता. भाऊबीज झाली की गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरणार होती, आणि यंदा मंडईत हा दगड सगळ्या पंचक्रोशीला दाखवायचं बापलेकांनी ठरवलं होतं. पत्रकंही वाटून झाली होती.

"बाबाची मान एकदा तरी ताठ झाली पायजे, मॅडम. त्याच्यासाठीच हे सारं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर त्यानं दुपट्ट्यात गुंडाळलेला दगड तिच्या पुढ्यात ठेवला. त्याला हळदीकुंकू लागलेलं होतं. गुंजननं तो हातात घेतला... आणि ओळखला. असले काळे तुकडे ती रोज संध्याकाळी पायाखाली तुडवत होती. बोडीवरून गावाला यायच्या पांदणीवर मागं कधीतरी तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीतला टाकाऊ माल अंथरला होता.

गप्प बसावं का? मंडई होऊन जाईल, काकांची मान ताठ होईल, आणि हा... हा रोज पाळीवर येत राहील. तिला तेवढंच तर हवं होतं. पण उद्या कुणी जाणकार मंडईतच बोलला तर? भर गर्दीत?

तिनं चहा संपवला आणि कप उपडा केला. चिनी मातीच्या कपाच्या बुडाची कडा खरखरीत असते, तिथं चकाकी नसते. त्या कडेवर तिनं दगड घासला. काळपट तपकिरी रेघ उठली.

"वरून पडलेला दगड सहसा अशी रेघ सोडत नाही, निकेश," ती हळूच म्हणाली. "हा मँगनीज आहे. पांदणीवरचा."

त्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. "चुंबक थोडं तरी ओढत होतं ना..." एवढंच म्हणाला. मग दगड पुन्हा दुपट्ट्यात बांधला. "बाबाले काय सांगू मी?"

त्याच्या चहावर साय धरली होती. तो तसाच उठून गेला.

त्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्याही संध्याकाळी नाही. धूमकेतू आदल्या दिवसापेक्षा ठळक दिसत होता आणि गुंजनला तो पाहवत नव्हता. शेवटी ती साकोलीला निघून गेली. दिवाळीत आईनं दोनदा विचारलं, "काहून वं, तब्येत बरी नाई का?" ती फराळाची ताटं उचलायला उठली.

भाऊबीजेच्या रात्री फोनवर निकेशचा निरोप आला. 'मंडईले या. बाबा बोलावून राहिले.'

ती गेली. मंडईत झुले फिरत होते, जिलेबीचा वास दरवळत होता, रात्रीच्या लोकनाट्यासाठी दंडारीवाले ढोलक्या तापवत होते. आणि एका मांडवाखाली ही गर्दी! वर फलक होता - 'हा दगड आकाशातून पडलेला नाही. कसा ओळखायचा, ते इथे शिका.'

टेबलामागं तुलारामजी स्वतः उभे होते. हातात उपडा कप.

"हे पाहा, रेघ उठली! म्हणजे आपल्याच जमिनीचा. मीबी फसलो होतो, तुमी फसू नोका!" लोक हसत होते, पण आता त्यांच्यासोबत. शेजारच्या गावचे सरपंच तर खिशातून आपलाच एक दगड काढून रांगेत उभे राहिले होते.

गुंजनला पाहताच तुलारामजींनी कप खाली ठेवला. "ये पोरी. उजेड मी पाह्यला होता, हं."

"तो खराच होता, काका. दगडच तेवढा दुसरा निघाला."

"तू सांगतलं म्हणून वाचलो. या मंडईत दुसऱ्या कोनं सांगतलं असतं, तर म्या तोंड कुठं दाखवलं असतं?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

सूर्य बुडाल्यावर सगळी रांग बोडीच्या पाळीवर आली. दुर्बीण हातोहात फिरली. तुलारामजी सगळ्यात जास्त वेळ पाहत राहिले, मग त्यांनी आकाशाला हात जोडले. मंडईकडून दंडारीचा ताल ऐकू आला तशी माणसं पांगली. दुर्बीण पुन्हा गुंजनच्या गळ्यात आली आणि पाळीवर दोघंच उरली.

"बाबाले सांगायची हिंमतच होत नव्हती," निकेश म्हणाला. "म्हणून तोंड लपवलं तुमच्यापासून. शेवटी सांगतलं, तर बाबा म्हणते - मले गोड बोलनारे लय भेटले, खरं सांगनारी पयलीच. तिले बोलाव."

"मला वाटलं, तुम्ही पुन्हा बोलणारच नाही."

"तुमाले माहीत होतं मी रागावू शकतो. तरी सांगतलं... काहून?"

गुंजन दुर्बिणीची भिंगं पुसू लागली.

"तुमाले खोटं बोलता येत नाई, हे आता मले पक्कं मालूम हाय," तो अडखळत म्हणाला. "म्हणूनच इचारतो. मी... मी आवडतो का तुमाले?"

गुंजननं गळ्यातला पट्टा काढायला हात नेला आणि तसाच राहू दिला. पुस्तकातली मराठी त्या क्षणी तिला सोडून गेली.

"हो," ती म्हणाली. "लय आवडता तुमी मले."

निकेशनं डोळे मिटले. मग सावकाश खिशात हात घालून त्यानं एक शिंगाडा काढला, सोलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. या वेळी हात मात्र मागं घेतला नाही. पश्चिमेला धूमकेतू झाडांमागं उतरत होता. हजार वर्षांनी येणाऱ्या त्या पाहुण्याचे आणि पांदणीवरच्या त्या काळ्या दगडाचे गुंजननं मनोमन आभार मानले.